पिंजाऱ्याच्या पोरीची पट्टी

“तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.”

हे मी हमिदाला सांगितलं तेव्हा डेप्युटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, पहिल्या रांगेत येऊन बसले होते आणि त्यांना पान दिलं जात होतं. चौथीतली हमिदा पडद्यामागे दुसऱ्या ओळीत उभी होती. तिनं मान हलवली. आज्ञाधारक मुलगी. मला फार बरं वाटलं. तेविसाव्या वर्षी माणसाला कशाकशाचं बरं वाटतं, हे आता आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. एरंडोलच्या एका मुलींच्या शाळेत मी गाण्याची बाई म्हणून लागले होते. संगीताच्या दोन परीक्षा पास, हातात पेटी आणि नाक आभाळात. मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमास्तरीणबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “गॅदरिंगला समूहगान झालं पाहिजे. डेप्युटी येणार आहेत. नाही झालं तर पुढच्या वर्षी गाण्याचा तास राहील असं समजू नका.”

मग मी मुली गोळा करायला घरोघर फिरले. दिवस कापूस वेचणीचे. एका घरी मी गाण्यानं मुलीवर कसे संस्कार होतात ते सांगत बसले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कापूस येचाले कोन जाई, बाई? तुम्हनी पेटी?” मी पेटी उचलून पुढच्या घरी. अशा किती घरांतून परतले, त्याचा हिशेब न ठेवलेलाच बरा.

रसूलभाई पिंजारी बाजारामागे राहायचे. दारात गेले तेव्हा त्यांचं पिंजण चालू होतं. पिंजण म्हणजे कापूस मोकळा करायचं मोठं धनुष्य. त्याच्या ताणलेल्या तातेवर, म्हणजे दोरीवर, लाकडी ठोकळा मारला की ढ्यंव ढ्यंव असा एकच सूर घुमत राहतो. त्या सुराला धरून, वर चढून, हमिदा गात होती. हातानं गादीत कापूस भरत होती आणि गळा असा मोकळा, की मी उंबऱ्यातच थांबले.

रसूलभाईंनी तिला चौथीनंतर घरी बसवायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, हिला गाण्यात घेते, शाळा सोडवू नका. त्यांनी दाढीतला कापूस झटकला.

“शाळेत तर ही तोंड उघडत नाही म्हणतात.”

“माझ्याकडे उघडेल.”

“मग मी येतो गॅदरिंगला. लोकांसमोर गायली ना बाई, तर पाचवीत बसवतो. माझी जबान.”

एवढं सोपं होतं. ते अवघड करायला मी होते.

आता पट्टी म्हणजे काय ते सांगते. प्रत्येकाचा ‘सा’ वेगळ्या उंचीवर असतो. तो पेटीच्या ज्या सुरावर बसतो ती त्याची पट्टी. माझा आवाज जाड. माझी पट्टी पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी कळ, तीही खालच्या सप्तकातली. आमचे गुरुजी त्याला भारदस्त म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. मी समूहगान माझ्याच पट्टीत बसवलं. मुलींची दुसरी असते हे मला ठाऊक होतं. पण मुलींनी बाईंच्या सुरात यायचं असतं, बाईंनी मुलींच्या नाही, असं मी धरून चालले होते.

झालं काय, तर खालच्या सुरांवर मुलींच्या गळ्यातून नुसती हवा यायची. काही जणी घोगऱ्या गुरगुरायच्या. हमिदाला ते सोसायचं नाही. ती आपणहून वर उडी मारायची आणि तिचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून निघून जायचा. मी पेटी थांबवायची. “किंचाळू नकोस. खाली ये.” ती खाली यायची आणि तिचा आवाज फाटायचा. महिनाभर हेच. शेवटी मी मोठ्या बाईंना सांगितलं, पोरगी घरी बरी गाते, पण पेटीबरोबर बेसूर आहे.

“मग उभी करा नुसती,” त्या म्हणाल्या.

तर ते ओठ हलवणं. समूहगान बिनचूक झालं. डेप्युटींनी शेऱ्यात ‘शिस्त उत्तम’ असं लिहिलं. गाण्याबद्दल काही लिहिलं नाही, पण तास वाचला.

रसूलभाई धुतलेला सदरा घालून आले होते. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आले.

“बाई, पिंजण चालू असताना मी तिचा आवाज ओळखतो. आज नाही ओळखला.”

मी म्हटलं, चौदा मुलींत आवाज मिसळून जातो. त्यांनी पोरीकडे वळून विचारलं, “गायलीस?”

हमिदानं माझ्याकडे पाहिलं. “बाईंनी सांगितलं तसं केलं.”

त्यांनी मला हात जोडले आणि पोरीला घेऊन गेले. वार्षिक परीक्षेनंतर ती शाळेत आली नाही.

उन्हाळ्यात पेटीचा एक सूर बसला म्हणून मी ती धुळ्याला दुरुस्तीला नेली. कारागीर चांगला झुपकेदार मिशांचा. त्यानं विचारलं, यावर कोण गातं? मी म्हटलं, लहान मुली. कुठल्या पट्टीत, तेही सांगितलं. त्यानं तो सूर धरला, स्वतः आरामात आ लावला आणि म्हणाला, “ताई, ही तर माझी पट्टी.”

जूनमध्ये मी वर्गात वरची काळी एक धरली. ज्यांना मी घोगऱ्या म्हणत होते त्या सगळ्या मुली गायल्या. पहिल्याच दिवशी, काही न शिकवता. मी पेटी तशीच उघडी टाकून बाजारामागे गेले.

पिंजण चालू होतं. हमिदा गादीत कापूस भरत होती. मी तिच्यासमोर बसले, चूक माझी होती म्हटलं, आता तुझ्या सुरात गा म्हटलं. रसूलभाईंनी हात थांबवला नाही. उलट जरा सावकाश, एकसारखा सूर देत राहिले. पोरीनं तोंड वर केलं आणि ओठ हलवले. सगळं समूहगान, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आवाज नाही.

ती मला चिडवत नव्हती. सांगितलेलं करत होती.

“घरातही असंच,” रसूलभाई म्हणाले आणि पुढचा कापूस ओढला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आधी मुलीला गाऊ दिलं आणि मग पेटी उघडली. माझं गाण्याचं शिक्षण एवढंच. बाकी त्या दोन परीक्षांची प्रमाणपत्रं आहेत ट्रंकेत कुठेतरी.