टायपिस्टबाईंनी मोडलेली घडी

आमच्या कचेरीत कुणी नवी साडी नेसून आली की तिला कोण काय म्हणणार, हे टायपिस्टबाई आधीच सांगून टाकत. मशीनवरची नजरसुद्धा उचलत नसत. "हेडक्लार्क काही बोलणार नाहीत, नुसता चष्मा पुसतील. कॅशियर विचारतील, कुणाचं लग्न? शिपाई म्हणेल, बाई, आज पेढे पाहिजेत." तासाभरात सगळं तसंच होई. आम्हा मुलींना हसू आवरत नसे. बाई मात्र हसत नसत. त्यांचा आवाज दिवसभराचं काम उरकल्यावर येतो तसा असे, आणि तो सकाळी कचेरी उघडतानाही तसाच असे.

ते मोठ्या दुष्काळाचे दिवस होते. मी पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवरून नगरला आले होते. आमच्या घराण्यात शाळेच्या पुढे गेलेली मीच पहिली. बी.ए. झाल्या झाल्या सरकारी कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागले, याचा आईला एवढा आनंद होता की 'हंगामी' या शब्दाचा अर्थ मी तिला कधी समजावलाच नाही. दर काही महिन्यांनी मुदतवाढ मिळे, आणि ती हेडक्लार्कांच्या शब्दावर मिळे.

टायपिस्टबाई कायम होत्या. चाळिशीच्या आसपासच्या, सडपातळ, सावळ्या, फिक्या रंगाच्या सुती साड्या नेसणाऱ्या. सावेडीकडे तेव्हा नुकती घरं होऊ लागली होती, तिकडे त्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत. पहाटे उठून पाण्याच्या टँकरपाशी हंडे लावायचे, आईचं सगळं करायचं आणि मग चालत कचेरी गाठायची. दुष्काळी कामांची पत्रं त्या वर्षी संपतच नसत. कार्बनवर कार्बन लावून त्या बडवत राहत. एखाद्या वेळी हात थांबवून मशीनकडे बघत आणि म्हणत, "याचं बरं आहे. याला आई नाही."

त्यांचे यजमान हयात होते, पण दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडून बसले होते. बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र असे. त्यावरून कुणीतरी एकदा नको तेवढी चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "काढलं तर चार जणांना उत्तरं द्यावी लागतील. तेवढा दम नाही माझ्यात." त्यात कडवटपणा नव्हता. पायऱ्या चढून आलेल्या माणसानं क्षणभर टेकावं तसं ते वाक्य होतं.

मी नवीन असताना कुणीही टेबलाशी आलं की उठून उभी राहत असे. शाळेत तसंच शिकवलेलं. दोन-तीन दिवस त्यांनी बघितलं. मग मला म्हणाल्या, "शालन, साहेब आले तर उठ. बाकीच्यांसाठी उठत राहिलीस तर संध्याकाळी घरी जायला पाय उरायचे नाहीत." नोकरीतलं पहिलं शहाणपण मला असं मिळालं.

हेडक्लार्क माणूस म्हणून वाईट नव्हते. पण दुष्काळ सुरू झाल्यापासून त्यांना कचेरीच्या शोभेची काळजी लागली होती. कर्जत, जामखेड, पाथर्डीकडची माणसं कामं मागायला येत, व्हरांड्यात बसून राहत. अशा दिवसांत बायकांनी नटून येऊ नये, असं त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं. त्यानंतर आमच्यातलीच एक हंगामी मुलगी लाल भडक साडी नेसून आली, आणि पुढच्या महिन्यात तिला मुदतवाढ मिळाली नाही. त्या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आम्ही सगळ्या पांढऱ्या-राखाडी रंगांवर आलो.

माझी अडचण माझ्या ट्रंकेत होती. दादानं भाऊबीजेला ओवाळणीत साडी घातली होती. नायलॉनची, काळ्या जमिनीवर ताटाएवढी केशरी फुलं आणि फुलांमधून पळणारे पिवळे पट्टे. दादानं माझ्या शिक्षणासाठी सातवीत शाळा सोडली होती. साखर कारखान्यावर गव्हाणीत ऊस टाकायचं काम तो करी. त्यानं स्वतः दुकानात जाऊन घेतलेली ही पहिली साडी. एवढी मोठी फुलं का घेतली म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाला, "शालू हापिसात धा जणांत बसती. लांबून वळकू याया पायजे."

त्या वर्षी ऊसच नव्हता. कारखाना लवकर बंद झाला आणि दादाला सवड मिळाली. त्यानं गावच्या माणसाबरोबर निरोप धाडला की मंगळवारी नगरला येतो, तुझं हापिस बघायचं आहे, आणि साडी नेस.

मी जेवणाच्या सुट्टीत ती साडी वर्तमानपत्रात गुंडाळून बाईंना दाखवायला नेली. त्यांनी कागद थोडा उघडला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "या फुलांना उचलायलाच दोन माणसं लागतील," म्हणाल्या. मी त्यांना माझा बेत सांगितला. कचेरीत नेहमीची साडी नेसायची, आणि दुपारी दादाला स्टँडवर भेटायला जाताना ही नेसायची. दादाला वाईट वाटणार नाही आणि माझी नोकरीही राहील.

"भाऊ साडी बघायला येत नाहीये," बाई म्हणाल्या. "तू ती नेसून खुर्चीवर बसलेली बघायला येतोय. स्टँडवर काय दाखवणार त्याला?"

मी कागद पुन्हा गुंडाळू लागले. डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी डब्यातली उरलेली भाकरी खाऊन घेतली, हात धुतले, आणि मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. "मी मोडू का घडी?"

नव्या साडीची घडी दुसऱ्या कुणीतरी जिव्हाळ्याच्या बाईनं मोडायची, म्हणजे ती आधी एकदा नेसून द्यायची, ही आपली रीत. बहीण, वहिनी, मैत्रीण मोडते. आमच्या कचेरीतही साड्यांची ही देवाणघेवाण चाले. आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की इतक्या दिवसांत बाईंना कुणी कधी घडी मोडायला दिलेली मी पाहिली नव्हती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईकडून कोण मोडून घेणार?

त्यांनाही ते ठाऊक होतं. "तुझ्या आईला चालणार असेल तर," त्या म्हणाल्या. "मी कायम आहे गं. मला काढू शकत नाहीत. फार तर बदली करतील."

मी पुडकं त्यांच्या हातात दिलं. आईला विचारायला ती जवळ नव्हती, आणि असती तरी मी विचारलं नसतं.

सोमवारी बाई ती साडी नेसून आल्या. खरं सांगायचं तर ती त्यांना मुळीच शोभत नव्हती. नायलॉन अंगावर थांबत नव्हतं, पदर सारखा घसरत होता, आणि ती केशरी फुलं त्यांच्या दमलेल्या चेहऱ्याच्या आधी खोलीत शिरली होती. मशीनचे आवाज थांबले. कॅशियरांना लग्नाचंसुद्धा सुचलं नाही. हेडक्लार्क उठून त्यांच्या टेबलाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, बाहेर व्हरांड्यात लोक बसलेत, बघितलंत ना? हे शोभतं का आपल्याला?"

बाईंनी मशीनमध्ये कागद चढवला, तो सरळ केला आणि म्हणाल्या, "मी नुसती घडी मोडतेय भाऊसाहेब. साडी शालनची आहे. तिच्या भावानं घेतलीय, उद्या तो येणार आहे, आणि उद्या ती नेसणार आहे. काय बोलायचं ते आज मला बोलून घ्या. उद्या पोरीला कामं आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं. हेडक्लार्क चष्मा पुसत परत गेले.

दुपारी मिरजगावकडच्या काही बायका गावात काम निघावं म्हणून अर्ज घेऊन आल्या. त्यातली एक बाईंच्या पदराकडे बघत म्हणाली, "लई दिसांनी फुलं बघितली, बाई. आमच्याकडं समदं करपलंय." दुसरीनं मात्र तोंड फिरवून घेतलं. संध्याकाळी मी पहिलीचं बोलणं आनंदानं पुन्हा काढलं, तेव्हा बाईंनी मला थांबवलं. "एकीला आवडलं म्हणून ते बरोबर ठरत नाही शालन. तोंड फिरवणारीचंही काही चुकलं नाही. ते दोन्ही अंगावर घेऊन नेसायचं असेल तर नेस."

मी नेसले. मंगळवारी सकाळी कुणी एक शब्द बोललं नाही. सगळं बोलून झालं होतं.

दादा आला तो दारातच थबकला. धुतलेला पायजमा, टोपी, हातात आईनं दिलेल्या भाकरींची पिशवी. मला बघून तो इतका हसला की त्याला आत यायचं भानच राहिलं नाही. बाई उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची त्याच्यासाठी ओढली. तो नको नको म्हणत होता. त्या म्हणाल्या, "बसा दादा. लांबून आलात." तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला, माझं टेबल बघितलं, वरचा पंखा बघितला. मग बाईंना हळूच विचारलं, "हिची साडी चालती ना हितं? दुकानातून भायेर आलो आन् मला भ्याच वाटलं. लई भडक घेतली का काय."

"चालते," बाई म्हणाल्या. "कालच सगळ्यांना विचारून घेतलं."

हेडक्लार्कांनी मान वर न करता शिपायाला सांगितलं की एक चहा जास्त आण.

मला पुढची मुदतवाढ मिळाली आणि यथावकाश मी कायमही झाले. मे महिन्यात बदल्या निघाल्या, त्यात टायपिस्टबाईंची जामखेडला झाली. साडीमुळे झाली का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "इथं बरीच वर्षं झाली होती. पाळी होतीच माझी." आणि थोड्या वेळानं, "दमायचं ते इथं काय नि तिथं काय." यापलीकडे त्यांनी तो विषय वाढवला नाही. आणि मला खरं काय ते आजही माहीत नाही.

ज्या दिवशी त्या निघाल्या त्या दिवशी मी अर्धी रजा काढून स्टँडवर गेले. घरून निघताना मनाशी चार वाक्यं जुळवली होती. मला माणसांत बसायला तुम्ही शिकवलंत, असं काहीतरी. आयुष्यात कुणाचे असे आभार मी कधी मानले नव्हते, आणि आमच्या घरात तशी पद्धतही नाही. गाडी लागलेली होती. बाईंना खिडकीजवळची जागा मिळाली होती, आई शेजारी बसली होती, मांडीवर बोचकं होतं. उन्हाचा झोत थेट चेहऱ्यावर येत होता, आणि गाडी सुटायच्या आधीच बाईंना गाढ झोप लागली होती.

त्यांच्या आईनं मला ओळखलं आणि त्यांना हलवायला हात पुढं केला. मी खुणेनंच नको म्हटलं. खिडकीशी सरकून, चेहऱ्यावरचं ऊन अडेल अशी, गाडी हलेपर्यंत उभी राहिले.