येडाईच्या बाजूनं खेळणारा दत्ता

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुष्काळाची पुढची चाल ठरवत होतो. वाक्य विचित्र वाटेल, पण त्याला माझा इलाज नाही. आमची मैत्री पहिल्यापासून अशीच होती, चारचौघांना सांगायची म्हटली की आधी बराच खुलासा करावा लागायचा. शाळेची मधली सुट्टी, हातात चहाचा कप, आणि डोक्यात विचार हा, की संध्याकाळी दवाखान्यात गेल्यावर दत्ताच्या गावावर कुठल्या बाजूनं चालून जावं. तेवढ्यात त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मी विचारलं, "कुठं?"... इतका मी त्या खेळात बुडालेला होतो. त्या रागावल्या नाहीत. "घरी आणलंय. तेरला या," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आम्ही दोघंही तेरचे. बारावी झाल्यावर गावातल्या समस्त वडिलांना अशी खात्री होती की पोरगं कॉम्प्युटर शिकलं की आयुष्याचं भलं होतं, म्हणून आम्ही रोज एसटीनं जिल्ह्याच्या गावी क्लासला जायचो. धाराशिवला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणायचे. कॉम्प्युटर आम्ही किती शिकलो ते देवाला ठाऊक, पण क्लासच्या सरांच्या खणात एक सीडी होती आणि त्या सीडीत एक खेळ होता. परमुलखातल्या जुन्या देवांचा. आपण एक देव निवडायचा, त्याच्या भरवशावर गाव वसवायचं, माणसांना लाकडं तोडायला, शेत कसायला लावायचं, काहींना देवळासमोर उभं करायचं. देवळासमोर माणसं उभी राहिली की कृपा साठायची, आणि पुरेशी साठली की देव शत्रूवर वीज पाडायचा नाहीतर एखादा राक्षस धाडायचा. सोबत माहितीपुस्तक नव्हतं आणि आमचं इंग्रजी बेताचं, त्यामुळं देवांची बारशी आम्हीच उरकली: वीजवाला, समुद्रवाला, हातोडेवाला. पहिल्याच डावात दत्तानं अख्खं गाव देवळापुढं उभं केलं. शेतात एक माणूस नाही. मी म्हटलं, "अरे, खातील काय?" तर म्हणतो, "देव बघंल की." देवानं विजा भरपूर दिल्या, ज्वारीचा दाणा दिला नाही. मी त्याचं अर्धंअधिक गाव जाळून टाकलं. पुढच्या डावात त्यानं पुन्हा तेच केलं.

डाव मात्र कधीच पुरा व्हायचा नाही. लोडशेडिंगचे दिवस ते. ऐन लढाईत पडदा काळा व्हायचा आणि हरणारा खूश व्हायचा. दत्ता दर वेळी अंधारलेल्या पडद्याकडं बोट करून सांगायचा, "मी जिंकत हुतो." हे त्यानं पुढं आयुष्यभर सांगितलं. त्याच्या लग्नात, भर पंगतीत, वहिनींच्या मामांनाही सांगितलं. मामांना वाटलं, नवरदेव कुस्ती खेळतो.

पुढं मी धाराशिवला मास्तर झालो, आणि दत्तानं तेरला स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. दुकानाच्या मागच्या अंगाला एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्यात तो खेळ होताच. गिऱ्हाईक सातबारा हातात धरून उभं आणि हा म्हणतोय, "थांबा काका, माझ्या गावावर हल्ला झालाय." काकाही थांबायचे. दत्ताचा स्वभावच असा होता की त्याच्यावर कुणाला फार वेळ चिडता यायचं नाही. एक मात्र त्याच्या मनानं घेतलं होतं: हा खेळ कुणीतरी नव्यानं बनवायला पाहिजे. चित्रं नवी, आवाज जुनेच, आणि देव आपले. त्यासाठी तो कंपनीला मेल लिहायचा आणि स्पेलिंग बघायला मला बसवायचा. "लिही मास्तर, माणसं लाकूड तोडत्यात त्यो आवाज बदलू नका म्हणावं." उत्तर कधी आलं नाही. त्याचं त्याला वाईट वाटायचं, पण हिंमत काही खचायची नाही. "आपल्या म्युझियममदी काय लिवलंय? तेरचा माल पार रोमला जायचा. माल चालतोय आन् देव चालत न्हाय व्हय?" हा युक्तिवादही मी इंग्रजीत करून मेलमध्ये घातला.

त्याच्या मनातल्या नव्या खेळात त्याची बाजू ठरलेली होती. येरमाळ्याची येडाई, त्याच्या आईचं कुलदैवत. चैत्रातल्या यात्रेत तिथं माणसं रानात वाकून चुन्याचे खडे वेचतात, देवीच्या नावानं. लहानपणी दत्ता आईबरोबर दरवर्षी जायचा. "ह्याच्याहून चांगला नियम कुठल्या कंपनीला सुचणार हाय?" तो म्हणायचा. "देवळापुढं दिसभर नुसतं कोण उभं ऱ्हातंय? आमची माणसं रानात खडे वेचतील, तेवढी कृपा वाढंल. आन् रानात हायतच तर जाता जाता खुरपून बी येतील." इतक्या वर्षांनी का होईना, शेतात माणूस लागतो हे त्याला पटलं होतं.

मग त्याच्या किडन्या गेल्या. दिवसाआड धाराशिवला डायलिसिस. शाळा सुटली की मी त्याच्या खाटेशी जाऊन बसायचो. मी माझा लॅपटॉप नेऊन पाहिला, पण एक हात मशीनला जखडलेला आणि दुसऱ्यात जीव नाही, माऊस धरवेना. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तोंडानं खेळू. नवा खेळ. आपला." आणि डोळे मिटून त्यानं गाव वसवायला सुरुवात केली. विहीर इथं, गोठा तिथं, खड्यांचं रान वेशीबाहेर. प्रश्न आला तो शत्रूचा. मी दोन-तीन देवांची नावं सुचवली. त्यानं डोळे उघडले. "आईच्या इरोधात कोण उभं ऱ्हाणार? तू ऱ्हातो का?" मी विज्ञान शिकवतो, पण खरं सांगतो, माझी छाती झाली नाही. त्यामुळं बरेच दिवस आम्ही बिनशत्रूचं गावच बांधत बसलो. शेवटी वहिनीच कंटाळल्या. त्या शेजारी मेथी निवडत बसायच्या आणि ऐकतात असं कधी दाखवायच्या नाहीत. "भांडण न्हाय तर खेळ कसला?" त्या म्हणाल्या. "समोर दुष्काळ ठिवा. त्याला काय देव लागत न्हाय."

अशा रीतीनं मी दुष्काळ झालो. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला ही भूमिका शिकवावी लागत नाही, पण मी ती फार वाईट वठवली. दत्ताचा चेहरा दिवसेंदिवस सुकत चाललेला, पायांवर सूज, आणि मी त्याच्या विहिरी आटवायच्या? मी आपला एखादा ओढा कोरडा करायचो, पुढच्या भेटीला पाऊस पाडून मोकळा व्हायचो. दोन-चार वेळा त्यानं चालवून घेतलं. मग एके दिवशी म्हणाला, "तू मुद्दाम हरतोयस."

मी म्हटलं, "छे."

"आपल्याकडं असा दुष्काळ कधी आला हुता सांग की... इचारून येणारा? मला एक डाव पुरा करायचाय मास्तर. आजवर एक बी झाला न्हाय. हरलो तर हरलो, पर खरा पाहिजे."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. सगळे जण त्याच्याशी जपून बोलत होते, डॉक्टर, पाहुणे, मी. त्याला त्या जपण्याचाच कंटाळा आला होता. त्या दिवसापासून मी खरा खेळलो. विहिरी आटवल्या, कडबा संपवला, माणसं ऊसतोडीला बाहेर काढली. तो डोळे मिटून पडायचा, सिस्टरला वाटायचं झोपला, आणि बऱ्याच वेळानं हळूच म्हणायचा, "चारा छावणी उघडली." मी हात कपाळावर मारून घ्यायचो आणि तो खुदकन हसायचा. इतक्या आनंदात मी त्याला त्या सबंध आजारपणात दुसऱ्या कशानं पाहिलं नाही. शेवटच्या भेटीत त्याच्याकडं एक तळं उरलं होतं. बोलताना धाप लागत होती. "चाल तुझी," तो म्हणाला. "दमानं ये... पर खरा ये."

तेराव्यानंतर मी कितीतरी दिवस तेरकडं फिरकलो नाही. मला दत्ताचाच राग आला होता. आयुष्यात एक डाव पुरा करायचा म्हणाला आणि तोही अर्धा टाकून गेला. गेल्या आठवड्यात मात्र गेलो. वहिनींनी दुकान उघडलंय. झेरॉक्स त्याच काढतात, मोबाईलचं काम बंद केलंय. मला चहा दिला, एका आजीच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून दिली, आणि आजी पायरी उतरून गेल्यावर कागद नीट लावता लावता म्हणाल्या, "भाऊजी, चाल तुमची ऱ्हायलीय."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, येडाई जिंकली असं सांगून टाकावं, बाईच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल. तोंड उघडलंही होतं. त्यांनी कागद खाली ठेवले आणि माझ्याकडं पाहिलं. "खरी सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, "तळं आटवलं." एवढे दोन शब्द बोलायला मला फार त्रास झाला.

वहिनींनी मान हलवली. मग पुन्हा कागदांना हात घातला. "आटू द्या," त्या म्हणाल्या. "जित्राबं म्या कवाच माहेरी धाडलीत. वैरणीसंगट."

चाल आता पुन्हा माझ्यावर आली आहे, आणि मला अजून काही सुचलेलं नाही.