मीटरमधलं जास्तीचं रीडिंग

कोणत्याही आकड्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं तपासते. काटा फारच स्थिर दिसला, की तो अडकला असणार असं मला आधी वाटतं. घरी आल्यावर दुसरं काम असतं, बिनपगारी. रक्तातली शुगर मोजायच्या मीटरमध्ये साठलेली रीडिंग केबल लावून संगणकावर उतरवणारा एक मोफत प्रोग्राम मी सांभाळते. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, कोणीही वाचावा, बदलावा. ज्याने तो मुळात लिहिला तो कंटाळला आणि माझ्या गळ्यात मारून मोकळा झाला.

मीटर आतून कसं बोलतं हे कंपन्या सांगत नाहीत. नवं मॉडेल आलं की सगळं गुपचूप बदलतात. मग कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहितात, तुमचा प्रोग्राम चुकीचे आकडे दाखवतोय. मी आधी त्यांच्यावर संशय घेते, मग मीटरवर, मग स्वतःवर. चूक बहुतेक वेळा माझीच निघते.

हे लोढणं मी घेतलं ते आईसाठी. ती इन्सुलिन घेते. दर महिन्याला मी तिच्या मीटरमधली रीडिंग उतरवून आलेख छापते आणि आम्ही पालघरला डॉक्टरांकडे जातो. गेल्या पावसाळ्यानंतर आलेख अचानक बिघडला. मधूनच तीनशेला टेकणारे आकडे. काही ठिकाणी तर आधी एकशे तीस आणि थोड्याच वेळात दोनशे नव्वद. मला वाटलं, माझाच कोड घोळ घालतोय. मीटरच्या पडद्यावर एकेक रीडिंग मागे जाऊन पाहिलं. तिथेही तेच.

म्हणजे आई. मी तिच्या मागे हात धुऊन लागले. डबे उघडले, फ्रिज पाहिला, देवापुढची साखर मोजल्यासारखी बघत राहिले.

"मी गोडाला हात नाय लावला," आई चिडून म्हणाली. "आनि त्या मेडिकलवाल्याला विचार आदी. डबीत शुगर तपासायच्या पट्ट्या कमी भरतो तो. कवाच संपतात!"

मेडिकलवाल्यावर ढकलणं मला सोयीचा बहाणा वाटला. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

डॉक्टरांनी माझ्या आलेखावरची सरासरी पाहिली आणि इन्सुलिन वाढवलं. त्याच आठवड्यात भाकरी थापता थापता आई घामाने डबडबली. हात थरथरायला लागले, ती ओट्याला धरून खाली बसली. मी तिच्या तोंडात साखर घातली. शुगर पार तळाला गेली होती. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस पुन्हा कमी केला आणि म्हणाले, खरी रीडिंग आणा. माझ्याच कागदाने आईला मारलं असतं.

नंतर आई चिंचणीला मावशीकडे एक दिवस राहून आली. मीटर फ्रिजवर विसरून गेली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती परतली, तेव्हा मी ते केबलला लावलं आणि बघतच राहिले. ती चिंचणीत असताना, सकाळी, मीटरने रक्त मोजलं होतं. तीनशे दहा. मीटरचं घड्याळ मी स्वतः लावलेलं. मी त्या वेळी कामावर होते. घरी फक्त बाबा होते, रात्रपाळी करून आलेले.

त्या दिवशीही ते पाळीवरून येऊन झोपले होते. दुपारी ते उठले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, हात बघू."

त्यांनी हात मागे घेतला. मी ओढून धरला. करंगळीच्या टोकावर बारीक काळे ठिपके होते.

"सुई तरी बदलत होता का?"

"बदलत होतो." मग हळूच, "तुज्या आईला सांगू नको. शुगरपायी माज्या भावाचा पाय कापला तवा मीच बसलेलो त्याच्यापाशी. मला वाटलं, आज नायतर उद्या आकडा उतरंल."

मला त्यांचा भयंकर राग आला. आई रोज माझी बोलणी खात होती, तिचं इन्सुलिन वाढलं, ती ओट्यापाशी कोसळली, आणि हा माणूस पेपरामागे गप्प.

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, मीटर घेतलं, नवी सुई लावली आणि बाबांच्या बोटाला टोचली, जरा जास्तच जोरात. बाबा कळवळले. आता ती त्यांची खरडपट्टी काढणार म्हणून मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला ती ऐकायचीच होती.

आकडा आला. आईने मीटर डोळ्यांजवळ धरलं आणि तिचा चेहरा उतरला.

"एवडी हाय," ती म्हणाली, आणि तिने त्यांचं टोचलेलं बोट आपल्या पदरात घट्ट दाबून धरलं. "एवडी हाय, आनि तुमी एकटेच बगत बसलात?"