चिंगीच्या आजारपणात दिसलेल्या आमच्या मॅडम

पोलादपूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू व्हायला गेलो, त्या दिवशी दवाखान्याला कुलूप होते. शेजारच्या टपरीवाल्याने सांगितले, डॉक्टरीणबाई वरच्या वाडीवर गेल्यात. नेमणुकीचा कागद खिशात घेऊन मी चढ चढून गेलो. गोठ्यात एक म्हैस अडली होती आणि डॉ. शैलजा माळवदे जमिनीवर आडव्या होऊन, खांद्यापर्यंत हात घालून रेडकू सरळ करत होत्या. मी नमस्कार केला. मान न वळवता त्या म्हणाल्या, "नवे पर्यवेक्षक ना तुम्ही? नाव मागाहून सांगा. आधी हा दोर धरा."

त्यानंतर नऊ वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले. दोन वर्षांपूर्वी मॅडम निवृत्त झाल्या आणि महाडला बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांनी छोटासा दवाखाना थाटला. यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या नोकरीतल्या कामाविषयी या गौरवग्रंथात इतर सहकारी लिहितीलच. मी मात्र गेल्या हिवाळ्यातली एकच हकीकत सांगणार आहे, कारण तिच्यात मला पूर्ण मॅडम दिसल्या.

बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारे संतोष कदम कारखान्यात कामाला आहेत. गेटपाशी जखमी पडलेली एक कुत्री त्यांनी घरी आणली, बरी केली आणि चिंगी म्हणून ती घरचीच झाली. संतोष यांच्या आई गेल्यावर त्यांचे वडील, तात्या, पोलादपूरकडची वाडी सोडून लेकाकडे आले. नव्या गावात त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. चिंगीला घेऊन ते सकाळ-संध्याकाळ हिंडायचे आणि तिच्याशीच बोलायचे. लस टोचायला तिला मॅडमकडे आणायचे तेही तेच.

अशा या चिंगीच्या नाकातून रक्त येऊ लागले आणि तिला वास येईनासा झाला. एका रविवारी मी मॅडमना मदत करायला गेलो होतो, तेव्हा संतोष आणि त्यांच्या पत्नी मनीषावहिनी तिला घेऊन आले. संतोष खाली बघत म्हणाले, "मॅडम, हिला शांत करायचं इंजेक्शन द्या. हाल बघवत नाहीत."

"तात्यांना विचारलंत?" मॅडमनी विचारले.

संतोष यांनी नकारार्थी मान हलवली. मनीषावहिनींचे डोळे भरून आले.

"मग आज तपासूया. ठरवायचं ते तात्या आल्यावर."

नाकातल्या स्रावाची काचपट्टी मुंबईला तपासायला गेली. कर्करोगाची गाठ निघाली. कुत्र्याकडून कुत्र्याला होणारी, पण औषधाला बऱ्याचदा दाद देणारी. मॅडमनी अशी गाठ नाकात कधी हाताळली नव्हती. त्यांनी आपल्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या एका डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्यासमोर, शाळकरी मुलीसारखी वही उघडून, मात्रा आणि खबरदारी लिहून घेतली. "हे पुन्हा सांगाल का? मला नीट कळलं नाही," असे त्या दोनदा म्हणाल्या. मला त्यांचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

पुढच्या रविवारी तात्या आले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि काही न लपवता सगळे सांगितले. आठवड्याला एक इंजेक्शन शिरेतून द्यायचे, दर वेळी आधी रक्त तपासायचे. "बरी होईलच असं वचन देत नाही, तात्या. पण प्रयत्न करण्यासारखा आहे."

"करा," तात्या म्हणाले. "तिला सोडून मी कुटं जाऊ?"

मी घाईने म्हणालो, "काळजी नको, बरी होणारच ती." ते गेल्यावर मॅडमनी मला थांबवले. "आपल्याला बरं वाटावं म्हणून दुसऱ्याला आशा देऊ नये." आवाज चढला नव्हता, पण मी वरमलो. त्या दिवसापासून गोठ्यात उभा राहून बोलताना मी शब्द तपासून बोलतो.

दुसऱ्या इंजेक्शननंतर घरमालकीणबाईंनी खोली सोडायला सांगितली. मॅडम त्याच संध्याकाळी बिरवाडीला गेल्या. मी सोबत होतो. पायरीवर बसून त्यांनी चिंगीचे डोके मांडीवर घेतले.

"बाई, रोग लागंल ना," मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या. "घरात ल्हान पोरा हायत."

"हा रोग माणसाला लागत नाही. मी घेतलीय ना मांडीवर? इंजेक्शननंतर थोडे दिवस तिची घाण हातमोजे घालून उचलायची, ते काम कदमांचं. तेवढ्या दिवसांत मुलांना लांब ठेवा. बाकी काही शंका आली तर मला बोलवा."

 मालकीणबाईंनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. खोली सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तिसऱ्या वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या निघाल्या. मॅडमनी इंजेक्शन पुढे ढकलले. तात्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे तुमी सोडलात काय तिला?"

"नाही तात्या. तिच्या रक्ताला दम खाऊ देतेय."

त्या आठवड्यात मॅडम रोज फोन करून चिंगी जेवली का ते विचारत. एकदा मनीषावहिनींनी सांगितले, "ती जेवत नाही म्हणून तात्याही ताटावरून उठतात." दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम पेजेचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेल्या. तात्यांच्या समोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मला एकटीला जेवण जात नाही." तात्या मुकाट्याने जेवले. उरलेली पेज निवल्यावर त्यांनी चिंगीपुढे ठेवली, तिने चार घास चाटले. पशुवैद्यकाचे काम कुठे संपते, हे आपल्याला ठाऊक आहे असे मला पूर्वी वाटायचे.

पेशी सावरल्या, उपचार पुन्हा सुरू झाले. पाचव्या इंजेक्शननंतर रक्त थांबले. एका सकाळी गल्लीत मासळीवाली यायच्या आधीच चिंगी उठून दाराशी गेली आणि नाक वर करून हुंगू लागली. तात्यांनी स्वतः फोन करून सांगितले, "बाई, तिला वास येतो!" मॅडमनी फोन ठेवला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला. त्यानंतरची काचपट्टी स्वच्छ आली आहे. एक इंजेक्शन अजून बाकी आहे, पुढे तपासण्याही आहेत. मॅडमच्या शिस्तीनुसार मी याहून जास्त काही म्हणणार नाही.

मॅडमना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना आराम पडो, आणि आम्हाला चुकल्यावर थांबवणारा त्यांचा आवाज असाच शाबूत राहो. हा लेख लिहितोय म्हटल्यावर तात्यांनीही आपली इच्छा त्यात घालायला सांगितली. ती त्यांच्याच शब्दांत देतो: "बाईंना शंभर वर्सा मिळू देत. कुत्र्यांसाठी नाय म्हनत मी. माझ्यासारख्यांसाठी."