समुद्रातून दिसणारं घर

बोटीच्या वरच्या मजल्यावर हातात जेवणाच्या प्लेटा धरून आम्ही सगळे आतषबाजी बघत होतो. माझ्या शेजारच्या बाई मात्र आकाश सोडून किनाऱ्यावरच्या इमारती न्याहाळत होत्या.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"आमचं घर. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवू नये, म्हणून गॅलरीतला दिवा लावून आलेय. इथून दिसायला हवा."

मग मलाही राहवेना. एवढ्या लखलखाटात एक दिवा सापडायचा कसा? आणि लांबून ज्याला आपण शहराचा झगमगाट म्हणतो, त्यात असे रिकाम्या घरांत लावून ठेवलेले दिवे तरी किती असतील?

तेवढ्यात एक मोठं रॉकेट फुटलं आणि गच्च्या क्षणभर उजळल्या.

"तो बघा! टाकीच्या खालचा, पिवळा!" बाई ओरडल्याच.

त्यांच्या यजमानांनी वाकून पाहिलं. "हो हो, तोच." बाई खुशीत गुलाबजाम आणायला गेल्या.

ते माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "निघताना मी बंद केलाय तो. कुलूप लावायच्या आधी बटणांवरून हात फिरतोच हो. तिला सांगू नका."

धूर पांगला. पिवळा दिवा जागच्या जागी होता. कोण राहत असेल तिथे? आपला दिवा समुद्रात कुणाचं तरी घर झालाय, याचा त्यांना पत्ताही नसेल.

बाई वाटी घेऊन परतल्या. "आहे ना हो अजून?" त्यांनी नेमकं मलाच विचारलं.

मी नीट बघितलं आणि म्हटलं, "आहे."