कृष्णाबाईंची पाचपदरी

कृष्णाबाईंविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मला लिहायची सवय नाही. रेवदंड्याला पस्तीस वर्षं मी गावाचं पाणी सोडायचं काम केलं. कागदाशी संबंध सहीपुरता. हे कितपत जमेल, ठाऊक नाही.

त्या माझ्या शेजारीण. त्यांचा नवरा भिकू माझा दोस्त, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो आणि त्या मला भावोजी. भिकू तीस वर्षांपूर्वी गेला. सुकी मासळी विकून वहिनींनी दोन मुली उजवल्या. इतर बायका सोनं करत, यांनी मोती-पोवळ्यांच्या माळा केल्या. ज्या वर्षी बोंबील चांगला लागला, त्या वर्षी एक. अशा दहा झाल्या. अकरावी, म्हणजे खरं तर पहिली, भिकूने लग्नाच्या वर्षी मुंबईहून आणलेली पाचपदरी. दोन मोती, एक पोवळं, पुन्हा दोन मोती. सगळ्या माळा जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात.

भिकू गेल्यावर वहिनींनी गळ्यात काही घातलं नाही. पण मोती माणसाच्या अंगाला लागला नाही तर मरतो, असं त्या म्हणतात. म्हणून आळीतली प्रत्येक नवरी त्यांची माळ घालून उभी राहते. मुलगी कोणाची, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. अट एकच: ओल्या फडक्याने पुसून परत द्यायची, दुसरं काही करायचं नाही.

मागच्या माघात माझ्या नातीचा, रुचिताचा, साखरपुडा झाला. तिला पाचपदरी मिळाली. दुसऱ्या दिवशी मोत्यांवर हळदीचा पिवळेपणा दिसला. मला वाटलं, उसनी वस्तू आणली त्याहून उजळ करून द्यावी. देवाची तांब्याची भांडी मी आमसुलाच्या पाण्यात घालतो, लख्ख निघतात. माळही सकाळी घातली आणि जेवण झाल्यावर काढली. मोती खडूसारखे झाले होते. पोवळ्यांचा रंग उडाला होता.

आठ दिवसांवर पलीकडच्या घरातल्या भाविकाचं लग्न होतं आणि तिला हीच माळ कबूल केलेली. पण माझी भीती तेवढीच नव्हती. वहिनी आता तो डबा कोणासाठीच उघडणार नाहीत, आणि त्याला कारण मी, हे डोक्यातून जाईना. दोन दिवस मी मागच्या वाटेने बाजारात गेलो. तिसऱ्या दिवशी माळ रुमालात बांधून त्यांच्या अंगणात गेलो. त्या दोरीवर बोंबील टांगत होत्या.

"आलास व्हय? मला वाटलं, भावोजी माळ घालून काशीला गेलं!"

मी रुमाल उघडला. त्यांनी हात पुसले आणि एकेका मोत्यावरून अंगठा फिरवला. पाचही पदर तसेच चाचपले.

"काय घातलंस?"

"आमसूल."

"देव घासायचं?"

मी मान डोलावली.

"सगला जन्म गावाला पानी सोडलंस, नि माझ्या मोत्यांना ह्ये पानी पाजलंस व्हय रं!"

त्या हसल्या, पण डोळे भरलेले होते.

"वहिनी, अलिबागहून नवी आणून देतो."

"नि भिकूला कुठनं आनशील?"

त्या आत गेल्या. आता दार लागेल असं वाटलं. पण डबा घेऊनच बाहेर आल्या आणि ओट्यावर तो उघडून एक तीनपदरी काढली.

"ही भाविकाला दे. तूच नेऊन दे. नि तिच्या आयला सांग, फडक्याशिवाय कायपन लावू नको. का लावू नको, ते पन सांग."

"सांगतो. आणि ही पाचपदरी?"

"ही आता कुना नवरीच्या कामाची न्हाय." त्यांनी ती माळ डोक्यातून गळ्यात सरकवली आणि लुगड्याचा काठ नीट केला. "बघतोस काय? बोंबील पकड."

मी बोंबील पकडले.

तेव्हापासून ती माळ त्यांच्या गळ्यातच असते, मासळी वाळवताना, बाजारात बसताना. रोज अंगाला लागून मोत्यांचं तेज परत येईल का, हे मी येता-जाता बघतो. कधी कधी आल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, आणि वहिनींना विचारायचा धीर अजून झालेला नाही.