उंबऱ्याबाहेरचे रबरी बूट

आमच्या डाळमिलमध्ये धान्याजवळ कुणी पायात काही घालून जात नाही. मिल बसवकल्याणच्या बाहेर, उमरग्याच्या रस्त्याला आहे. मी तिथे हिशेब बघतो आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, मशीन चालवतो. तुरीला पाणी मारून मुरवत ठेवतात, त्यामुळे फरशी कायम ओली असते. त्याच फरशीवर अनवाणी उभा राहून अण्णा चारशे पंधरा व्होल्टची मोटर चालू करतो.

उन्हाळ्यात वीज सुरक्षेची तपासणी झाली. साहेबांनी अर्थिंग मोजलं. पाच ओहमच्या आत हवं होतं, अठरा भरलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा नव्यानं भरा, बोर्डासमोर रबरी चटई टाका, मशीनवाल्याला रबरी बूट द्या आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवा, असं त्यांनी लिहून दिलं. त्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. पण आत येताना दारातली तुरीची रास बघून साहेबांनी स्वतःचे बूट बाहेर काढले होते, आणि हे सगळं त्यांनी ओल्या मोज्यांवर उभं राहून लिहिलं.

खड्डा भरला, ब्रेकर बसला. चटईखाली दाणे जाऊन तुडवले जातात म्हणून तूर निवडणाऱ्या बायकांनी ती गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. बूट मीच आणले, अण्णाच्या मापाचे. त्यानं ते उंबऱ्याबाहेर ठेवले. मी समजावलं, की हे चामड्याचे नाहीत, रस्त्याला कधी लागणार नाहीत, फक्त आतच वापरायचे.

"पायात घालायचं ते पायतानच," अण्णा म्हणाला. "लक्ष्मीवर पाय ठिवून भाकर खाऊ व्हय?"

शेवटी मी मालकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "मी सांगतो त्याला," म्हणत उठले. उंबऱ्याशी आल्यावर सवयीनं चपला काढल्या, आत गेले आणि अण्णासमोर उभे राहिले. मग स्वतःच्या पायांकडे बघून मला म्हणाले, "मुनीमजी, मी कुठल्या तोंडानं सांगू?"

राहिला ब्रेकर. तीस मिलिअँप गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. माणूस दगावण्याआधी तुटते, हा हिशेब मी नीट वाचून घेतला होता. त्याच्या भरवशावर उन्हाळा गेला.

पावसाळ्यात ब्रेकर सारखा पडायला लागला. वायरमननं तपासून सांगितलं की मोटरचं वाइंडिंग ओल धरून गळतंय, कलबुर्गीला नेऊन भरून आणावं लागेल. तोवर मुरवलेली तूर आंबली असती. तोवर ब्रेकर काढून डायरेक्ट करू, असं वायरमननंच सुचवलं. मी म्हणालो, ब्रेकर खरं सांगतोय म्हणूनच पडतोय. मला कुणी खोटं ठरवलं नाही. मालक व्हय म्हणाले, वायरमन व्हय म्हणाला, आणि त्यानं वायर डायरेक्ट जोडली.

अण्णा बोर्डाकडे निघाला तसा मी पुढं झालो. बूट घालून जावं असं मनात आलं होतं, पण रास बघून माझ्याच्यानंही ते झालं नाही. पायाखाली पाणी गार लागत होतं.

"अण्णा, आज मी दाबतो."

"कामून?"

"असंच."

त्याला कळलं. तो हसला. "तुला काय झालं तर तुझ्या बायकोला मी काय सांगू रे? कागदं बघ जा."

वहिनीला मी काय सांगायचं, हे विचारावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं माझा हात मनगटाला धरून बाजूला केला, बोर्डाला हात लावून कपाळाला लावला आणि हिरवं बटण दाबलं. मोटर चालू झाली. अण्णा तिच्या आवाजाकडे कान देऊन उभा राहिला, आणि मी त्याच्या पायांकडे बघत.